रक्त कोणाचे, संशोधन कोणाचे?

१९७७ साली मी नागपुरात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. जीवशास्त्राच्या इंग्रजी पाठ्यपुस्तकात विळ्यासारख्या वाकलेल्या तांबड्या रक्तपेशींचे एक छायाचित्र होते. ज्या आजाराचे मूळ एका रेणूतील बिघाडापर्यंत नेऊन दाखवता आले असा हा पहिला मानवी आजार, असे त्याखाली लिहिले होते. पुढे लक्षणे दिली होती : लहानपणी हातपाय सुजणे, हाडांत असह्य कळा, डोळे पिवळे पडणे, वारंवार ताप, रक्त कमी होणे. ती वाचता वाचता मी थांबलो. ही सगळी लक्षणे माझ्या धाकट्या बहिणीची होती.

उत्तर नागपुरातल्या वस्तीत आमचे दोन खोल्यांचे घर. बाप गिरणीत, माय मिळेल ते काम करणारी. बहीण रात्री कळांनी विव्हळायची तेव्हा माय विटेचा तुकडा तापवून, फडक्यात गुंडाळून तिचे गुडघे शेकायची. धम्मदीक्षेला वीस वर्षे उलटली होती, तरी शेजारच्या म्हाताऱ्या करणीचे बोलत. दवाखान्यातल्या कागदावर संधिवात असे लिहिलेले असे, आणि सोबत सल्ला : हिला पालेभाजी, गूळ-शेंगदाणे खाऊ घाला. मी पाठ्यपुस्तक काखेत मारून डॉक्टरसाहेबांकडे गेलो. त्यांनी पान पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "हा आफ्रिकेतल्या लोकांचा आजार आहे. पुस्तकातले आजार घरात शोधू नये."

बहीण १९७९ मध्ये गेली. तीन दिवसांचा ताप. वय पंधरा.

पुढे मी शाळेत विज्ञान शिकवले आणि निवृत्त झालो. या आजाराचा इतिहास मात्र मी आयुष्यभर वाचत राहिलो. त्यात एक गोष्ट अशी सापडली की तिने मला आजही झोप येत नाही. डॉक्टरसाहेबांनी मला परत पाठवले त्याच्या एकोणीस वर्षे आधी, १९५८ साली, डॉ. शुक्ला आणि डॉ. सोळंकी यांचा मध्य भारतातील सिकलसेलविषयीचा निबंध लंडनच्या 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. हे दोघे नागपूरचेच. आमच्या रक्तातली ही गोष्ट लंडनला कळली होती. आमच्या वस्तीला कळली नव्हती.

आजाराचे कार्यकारण कळणे आणि ते आजाऱ्याच्या उंबऱ्यापर्यंत पोचणे या दोन गोष्टींच्या मध्ये काय उभे असते? या प्रश्नासाठी मला या आजाराचा इतिहास तपासावासा वाटतो.

तो सुरू होतो शिकागोत. १९०४ साली वेस्ट इंडिजमधल्या ग्रेनेडा बेटावरून वॉल्टर क्लेमेंट नोएल नावाचा कृष्णवर्णीय तरुण दंतवैद्यक शिकायला तिथे आला. त्याच वर्षअखेर तो इस्पितळात दाखल झाला. अर्नेस्ट आयरन्स या शिकाऊ डॉक्टरने त्याचे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा त्याला विळ्याच्या आकाराच्या पेशी दिसल्या. त्याचे वरिष्ठ जेम्स हेरिक यांनी १९१० साली त्यावर निबंध लिहिला. निबंधामुळे हेरिक यांचे नाव वैद्यकाच्या इतिहासात कायम झाले. त्यात रुग्णाचा वंश होता, वय होते, रक्ताचे बारकावे होते; नाव नव्हते. नोएल दंतवैद्य होऊन १९०७ मध्ये मायदेशी परतला आणि १९१६ मध्ये, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी वारला. त्याची कहाणी दोन अभ्यासकांनी शोधून वैद्यकीय जगापुढे ठेवली ती १९८९ साली. रुग्णाचे नाव गुप्त ठेवण्याचा संकेत मला मान्य आहे. पण एखाद्या माणसाचे रक्त इतिहासात राहते आणि माणूस बाहेर राहतो, हे आपल्याला नवे नाही. म्हणून मी इथे थबकतो.

दुसरे स्थळ कॅलिफोर्नियातील पॅसाडेना. तिथल्या कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत लायनस पॉलिंग हे थोर रसायनशास्त्रज्ञ होते. १९४५ साली हार्वर्डचे डॉ. विल्यम कॅसल यांच्याकडून त्यांनी या आजाराबद्दल ऐकले. रक्तातला प्राणवायू कमी झाला की या पेशी विळ्यासारख्या वाकतात, ही गोष्ट तोवर माहीत होती. प्राणवायू वाहून नेतो तो पेशीतला हिमोग्लोबिन. तेव्हा दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच असला पाहिजे, असा पॉलिंग यांनी तर्क केला. तो पडताळण्याचे काम त्यांनी हार्वे इटानो या तरुण डॉक्टरवर सोपवले. पुढे जॉन सिंगर आणि आयबर्ट वेल्स त्यात सामील झाले.

हा इटानो कोण? जपानी स्थलांतरितांचा अमेरिकेत जन्मलेला मुलगा. १९४२ साली बर्कलेच्या विद्यापीठात तो सर्वप्रथम आला. पण सुवर्णपदकाच्या समारंभाला तो हजर राहू शकला नाही, कारण महायुद्ध सुरू होते आणि जपानी वंशाच्या नागरिकांना सरकारने छावण्यांत कोंडले होते. ज्याला वंशावरून काटेरी कुंपणात टाकले, त्यानेच पुढे दाखवून दिले की आजार वंशात नसतो, रेणूत असतो.

प्रयोग असा होता. द्रवात विरघळलेल्या प्रथिनातून वीज सोडली की ते आपल्या विद्युतभाराप्रमाणे एका दिशेला सरकते. निरोगी माणसाचे आणि रुग्णाचे हिमोग्लोबिन या यंत्रात घातले, तेव्हा ठरावीक आम्लतेला ती दोन विरुद्ध दिशांना सरकली. ज्यांना आजार नाही पण ज्यांच्यात हा गुण आहे, अशा वाहकांच्या रक्तात दोन्ही प्रकार सापडले. नोव्हेंबर १९४९ मध्ये हा निबंध 'सायन्स'मध्ये आला. रेणूचा आजार हा शब्द त्याच्या शीर्षकातच होता. पुढची पायरी इंग्लंडातील केंब्रिज विद्यापीठाच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत गाठली गेली. नाझींच्या जर्मनीतून लहानपणी बाहेर पडावे लागलेल्या व्हर्नन इंग्रॅम यांनी १९५६-५७ मध्ये दाखवले की हिमोग्लोबिनच्या साखळीतला फक्त एक दुवा बदललेला असतो; १४६ दुव्यांच्या साखळीतला तो सहावा. बाकी १४५ जसेच्या तसे. या एका दुव्यामुळे प्राणवायू सोडल्यानंतर रेणू एकमेकांना चिकटून लांब दोरखंड बनवतात. पेशी ताठरते, वाकते आणि बारीक रक्तवाहिनीत अडकते. पुढे रक्त जात नाही. तीच ती कळ. निरोगी पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही दहा-वीस दिवसांत फुटते. म्हणून अंगात रक्त राहात नाही. पालेभाजी कितीही खा.

म्हणजे १९५७ पर्यंत आजाराचे पूर्ण यंत्र उघडून ठेवले होते. इतके खोल ज्ञान तेव्हा दुसऱ्या कुठल्याही वंशपरंपरागत आजाराबद्दल नव्हते. मग उपचार?

उपचार नव्हता. रेणू समजला म्हणजे औषध लगेच हाती येते असे नाही, हे विज्ञानाचा शिक्षक म्हणून मी जाणतो. पण प्रश्न केवळ अवघडपणाचा नव्हता. व्हर्जिनियातील डॉ. रॉबर्ट स्कॉट यांनी १९७० साली एक साधा हिशेब मांडला. १९६७ मध्ये अमेरिकेत सिकलसेलचे अंदाजे १,१५५ नवे रुग्ण होते आणि मुख्यतः गोऱ्यांत आढळणाऱ्या सिस्टिक फायब्रोसिसचे १,२०६. म्हणजे जवळपास सारखे. सिस्टिक फायब्रोसिससाठी स्वयंसेवी संस्थांनी जमवलेला निधी १९ लाख डॉलर. सिकलसेलसाठी एक लाखही नाही. विद्यापीठांना या रेणूत रस होता. तो रेणू ज्यांच्या अंगात होता, त्या कृष्णवर्णीय माणसांत देशाला रस नव्हता.

तो रस निर्माण करावा लागला, आणि तो रस्त्यावरून निर्माण झाला. ब्लॅक पँथर पक्षाने १९७१ पासून वस्त्यांत, उद्यानांत टेबले मांडून सिकलसेलची मोफत तपासणी सुरू केली. आपल्याकडे १९७२ साली दलित पँथरने ज्यांच्यापासून नाव घेतले, ते हेच लोक. त्यांची बंदूक आपल्याला माहीत झाली. त्यांची रक्ताची बाटली फारशी माहीत झाली नाही. त्याच १९७२ च्या मे महिन्यात अमेरिकेत सिकलसेलविषयीचा राष्ट्रीय कायदा झाला आणि संशोधनाला पैसा मिळू लागला. कृष्णवर्णीयांच्या हॉवर्ड विद्यापीठात डॉ. रोलंड स्कॉट यांनी सिकलसेल केंद्र उभारले; हे काम ते कित्येक वर्षे निधीवाचून करीत आले होते.

परंतु ज्ञानाला दुसरी धारही असते. अनेक राज्यांनी कृष्णवर्णीयांवर सक्तीची तपासणी लादली. वाहक आणि रुग्ण यांतला फरक न समजावताच अहवाल हातात दिले गेले. वाहक हा आजारी नसतो, तरीही वाहकांना हवाई दलाच्या प्रबोधिनीत प्रवेश नव्हता. ती बंदी १९८१ मध्ये उठली. आणि ज्यांनी हा आजार रेणूपर्यंत नेला, शांततेचे नोबेल ज्यांना मिळाले, त्या पॉलिंग यांनीच १९६८ साली लिहिले होते की प्रत्येक वाहकाच्या कपाळावर खूण गोंदावी, म्हणजे दोन वाहक एकमेकांच्या प्रेमात पडणार नाहीत. हेतू मुलांचे दुःख टाळण्याचा होता, हे मी नाकारत नाही. पण गळ्यात मडके आणि कमरेला झाडू ज्यांच्या पूर्वजांनी वागवला, त्यांनी हे वाक्य वाचून काय करावे? मोठा शास्त्रज्ञ, मोठा मानवतावादी. आणि तरी दुसऱ्याच्या कपाळावर आपण लिहू शकतो असे त्याला वाटले. म्हणून माणूस कितीही थोर असो, ज्यांच्या रक्ताचा प्रश्न आहे ते निर्णयाच्या जागी बसलेले असलेच पाहिजेत.

उपचार आले ते असे. ब्रुकलिनच्या डॉ. जॅनेट वॉटसन यांनी १९४८ साली निरीक्षण मांडले होते की नवजात बाळाला हा आजार जाणवत नाही, कारण त्याच्या रक्तात गर्भावस्थेतले वेगळे हिमोग्लोबिन असते. हा धागा धरून, ते हिमोग्लोबिन वाढवणारे हायड्रॉक्सियुरिया हे औषध जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या डॉ. सॅम्युअल चाराश यांच्या नेतृत्वाखाली २९९ प्रौढ रुग्णांवर तपासले गेले. १९९५ मध्ये निष्कर्ष आला : कळांचे झटके जवळपास निम्म्याने कमी होतात. निरीक्षण १९४८ चे, निष्कर्ष १९९५ चा. त्याआधी १९८६ मध्ये डॉ. मेरिलिन गॅस्टन या कृष्णवर्णीय डॉक्टरबाईंच्या चमूने सिद्ध केले की लहान रुग्णांना रोज दोन वेळा पेनिसिलिनची गोळी दिली तर जंतुसंसर्ग ८४ टक्क्यांनी कमी होतो. या आजारात पाणथरी निकामी होते आणि साधा तापही जीव घेतो, म्हणून.

पेनिसिलिन! आपल्या पिंपरीच्या कारखान्यात ते पन्नासच्या दशकापासून तयार होत होते. त्या गोळीने माझी बहीण वाचली असती असे मी म्हणणार नाही. ती तपासणी अगदी लहान मुलांवरची होती. पण अशा मुलीचा ताप म्हणजे धावपळीची वेळ, एवढे वाक्य आमच्या मायला कोणी सांगितले असते तर ती तीन दिवस थांबली नसती.

आता आपल्या घराकडे येतो. हा आजार आपल्याच समाजात का, असे तरुण मुले मला विचारतात. प्रश्न विचारताना त्यांचे डोळे खाली जातात. म्हणून स्पष्ट सांगतो. १९५४ साली अँथनी ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतल्या अभ्यासावरून दाखवले की या गुणाचा वाहक जीवघेण्या मलेरियापासून बऱ्याच अंशी वाचतो. जिथे मलेरिया होता तिथे हा गुण टिकला. आफ्रिकेत टिकला, भूमध्य समुद्राकाठी टिकला, अरबस्तानात टिकला, आणि आपल्याकडच्या जंगलपट्ट्यात गोंड, माडिया, भिल्ल, पावरा यांच्यात टिकला. विदर्भात तो महारांत आहे, तसाच कुणब्यांत आणि तेल्यांतही आहे. हे पूर्वजन्मीचे पाप नव्हे, करणी नव्हे, रक्ताची नीचता नव्हे. डासाशी झालेल्या लढाईचा हा व्रण आहे.

मग तो काही जातींत दाट का राहिला? इथे मला १९१६ साल आठवते. त्या वर्षीच्या मे महिन्यात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. जातीची यंत्रणा, उगम आणि विकास हा त्याचा विषय. यंत्रणा हा शब्द बाबासाहेबांचा आहे. त्यांनी निदान केले की जातीचे सार म्हणजे जातीअंतर्गत विवाह. बाकीची लक्षणे त्यातून येतात. हाही एका आजाराच्या यंत्रणेचा शोधच होता, आणि तोही विद्यापीठातच लागला. कुंपण घातलेल्या विवाहात दोन वाहक समोरासमोर येण्याचा संभव वाढतो. आणि दोघेही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात बाळ आजारी होण्याची शक्यता पंचवीस टक्के असते. जात माणसाला मनाने आजारी करते हे आपण जाणतो. तिचे कुंपण रक्तातला गुणही आतल्या आत फिरवत ठेवते, हे या आजाराने दाखवले. अर्थात रक्ताच्या अहवालासाठी जात मोडायची नाही. जात मोडायची ती माणूस म्हणून जगण्यासाठी.

आणखी एक प्रसंग लिहिल्यावाचून हा लेख पुरा होणार नाही. १९८४ साली आमच्या वस्तीत एका संशोधन संस्थेची माणसे आली. समाजमंदिरात टेबल मांडले. माझे रक्त घेतले, धाकट्या भावाचे घेतले. जात विचारून लिहून घेतली, अंगठे-सह्या घेतल्या, बिस्किटे वाटली. अहवाल आला नाही. माझे लग्न झाले, १९८९ मध्ये भावाचे झाले. १९९२ मध्ये त्याला मुलगी झाली. दीड वर्षाची असताना तिचे हात सुजले, आणि मायने ते पाहून एक शब्द न बोलता चुलीवर वीट ठेवली. नंतरच्या तपासणीत कळले : मी वाहक, भाऊ वाहक, वहिनी वाहक. भावापुरते हे उत्तर आठ वर्षे कुठल्या तरी वहीत लिहिलेले होते. ती पोर जन्मायला नको होती असे आमच्या घरात कोणीही म्हणणार नाही, मीही नाही. पण ती जन्मली त्या दिवसापासून तिची काळजी घेता आली असती. तिची पहिली दीड वर्षे त्या वहीने घेतली.

ती पोर आज शिक्षिका आहे. हायड्रॉक्सियुरिया घेते, कळा येतात, पण वर्षातून एखाद्या वेळी. हे औषध लहान, ठरावीक मात्रेतही आपल्या मुलांना लागू पडते, हे नागपुरातच डॉ. दीप्ती जैन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यासून दाखवले. कमी मात्रा म्हणजे कमी खर्च. संशोधन वस्तीच्या बाजूने उभे राहू शकते याचा हा पुरावा आहे, आणि त्याचे श्रेय मी मोकळ्या मनाने देतो. पण तिला सांगून आलेली दोन स्थळे परत गेली. "त्यांच्या घरात सिकल आहे" असे म्हणणारे आपलेच, जयभीम म्हणणारे लोक होते. अस्पृश्यता ज्यांनी भोगली, त्यांनी ती नव्या नावाने घरात घेऊ नये.

डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेने जनुकात दुरुस्ती करणाऱ्या उपचाराला मान्यता दिली. हार्वर्डशी निगडित प्रयोगशाळेत डॉ. स्टुअर्ट ऑर्किन यांच्या चमूने गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन बंद करणारी कळ शोधली होती. ती कापली की ते पुन्हा वाहू लागते. वॉटसनबाईंचे १९४८ चे निरीक्षण अखेर इथवर आले. किंमत २२ लाख डॉलर, त्या वेळच्या दराने १८ कोटी रुपये. दिल्लीची आपली जीनोमिक्स संस्था असाच उपचार स्वस्तात करण्यासाठी झटते आहे. भारत सरकारने १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय मोहीम सुरू केली असून ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन असे तिचे उद्दिष्ट आहे. मोहिमेचा रोख आदिवासी भागांवर आहे, आणि तो योग्यच आहे. शहरातल्या आमच्यासारख्या वस्त्याही नकाशावर याव्यात, एवढेच म्हणणे आहे.

संशोधनाला विरोध करणारा मी नाही. रक्त द्यावे. पण देताना विचारावे : अहवाल कधी मिळेल? मराठीत समजावून कोण सांगेल? आमच्या जातीचे नाव कोठे आणि कशासाठी लिहिणार? यातून औषध निघाले तर ते आमच्या दवाखान्यात किती वर्षांनी येईल? आणि आपल्या विद्यार्थ्यांनी केवळ रक्त देणाऱ्यांच्या रांगेत न राहता सूक्ष्मदर्शकाच्या त्या बाजूलाही बसावे. इटानो बसला, गॅस्टनबाई बसल्या.

गेल्या वर्षी वस्तीत पुन्हा शिबिर भरले. जागा तीच, समाजमंदिर. भावाची पोर आपल्या शाळेतल्या मुलांना घेऊन आली होती. रक्त घेणाऱ्या तरुणाला तिने विचारले, "रिपोर्ट कोणत्या तारखेला?" तो म्हणाला, "कळवू ताई." ती जागची हलली नाही. तिने पिशवीतून वही काढली, तारीख विचारली, त्याचा नंबर लिहून घेतला, आणि मग एकेका मुलाला पुढे पाठवले.

यावेळी वही आमच्याकडे होती. अहवाल बाराव्या दिवशी आले.